प्रोसेसरचे अकरा सेकंद

राज्य नवं होतं, ऑफिस नवं होतं आणि माझी नोकरी सहा महिन्यांच्या कंत्राटावर. नागपूरहून मी रायपूरला प्रोग्रामर म्हणून आले, समता कॉलनीत खोली घेतली. ऑफिसात एकच मोठं मशीन होतं. खिडकीवरचे पाच ऑपरेटर त्याच्यावरच लोकांचे अर्ज नोंदवत.

रोज अकराच्या सुमारास पाचही स्क्रीन गोठत. बाहेर रांग तटायची. जवळच्याच बीरगावची एक बाई सलग तिसऱ्या दिवशी अर्ज न देताच परत गेली, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. अकरा वाजता माझी स्क्रिप्ट चालते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आदल्या दिवशीच्या अर्जांची यादी छापणारी ती साधी स्क्रिप्ट, जेमतेम चाळीस ओळींची.

"मैडम, आपका प्रोग्राम ही पूरी मशीन खा रहा है," साहेब म्हणाले. तसं नसेल तर उद्या दुपारपर्यंत कागदावर दाखवा, नाहीतर कंत्राटाचा विचार करावा लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

मशीन सांभाळणारे भाऊ मूळचे अमरावतीचे. मला धाकट्या बहिणीसारखं वागवत. त्यांनी साहेबांसमोरच सांगितलं होतं की एवढ्याशा स्क्रिप्टनं मशीन दमत नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "काहून घाबरून राहिली? मोजून टाक ना."

दुसऱ्या दिवशी अकराला मी स्क्रिप्टच्या आधी वेळ मोजणारी आज्ञा लावली आणि चालू केली. भाऊ शेजारच्या स्क्रीनवर प्रोसेसरचा वापर बघत होते. खिडकीवर लोकांचा आवाज चढत होता. ऑपरेटर हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसले होते. मला पाणी प्यायचं होतं, पण उठवेना.

स्क्रिप्ट संपली. एकूण वेळ चौदा मिनिटं. त्यात प्रोसेसर वापरला अकरा सेकंद.

भाऊंनी टेबलावर थाप मारली. "झालं! अकरा सेकंद. हे छाप अन् दे साहेबाले."

मी कागद छापला, पण हातातच धरून बसले. अकरा सेकंद काम, मग उरलेला वेळ माझी स्क्रिप्ट करत काय होती? मी ओळी पुन्हा वाचल्या. नोंदीची फाइल ती सुरुवातीलाच उघडायची आणि इतरांसाठी बंद करून ठेवायची. मग एक अर्ज प्रिंटरला पाठवायची, तो कागदावर उतरेपर्यंत थांबायची, मग पुढचा. प्रिंटर जुना, कुरकुरत चालणारा. तेवढा वेळ प्रोसेसर रिकामा, स्क्रिप्ट नुसती बसलेली, आणि फाइल अडकल्यामुळे पाचही ऑपरेटर ताटकळलेले. फाइल बंद करायची ती ओळ मीच लिहिली होती.

भाऊंना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "साहेबानं प्रोसेसरचंच विचारलं आहे," ते हळूच म्हणाले. "तेवढंच सांग. ओळ आपण संध्याकाळी बदलून टाकू. कोणाले समजते?"

ते खरंच होतं. साहेबांना त्यातलं काही कळलं नसतं. पायऱ्या चढेपर्यंत मी तेवढंच सांगायचं ठरवलं होतं. आत गेले, कागद ठेवला. साहेबांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की मग आपण तुमच्यावर उगाच आळ घेतला. ते ऐकून मला राहवेना. मी सांगून टाकलं की मशीन मी खात नव्हते, पण लोकांना मीच अडवत होते.

 साहेबांनी किती वेळात दुरुस्त होईल, एवढंच विचारलं. अर्ध्या तासात, मी म्हटलं. आधी सगळी यादी उचलायची, फाइल लगेच सोडायची, मग निवांत छापायचं. बदलून पाहिलं तर फाइल जेमतेम तीन सेकंद बंद राहिली.

कंत्राट वाढलं, पण इतरांसारखं वर्षभर नाही, तीनच महिने. भाऊ मात्र आठवडाभर माझ्यासोबत जेवायला बसले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि मी त्यांनाच साहेबांपुढे खोटं पाडलं, असं त्यांना वाटत होतं. मी समजावायला गेले, तर कामात असल्यासारखे स्क्रीनकडे बघत राहिले.