मार्सोलेची हाक

आमच्या गावात ऑर्गन वाजतो असं कुणी म्हणत नाही. "मार्सोले वाजतोय," म्हणतात. संत मेदारच्या चर्चमध्ये पणजोबांपासून मार्सोले घराण्यातलाच माणूस ऑर्गनवर बसत आला. संताच्या सणाला मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, संपली की वाजवणाऱ्याने वरच्या सज्ज्याच्या कठड्याशी यायचं, खालून साऱ्यांनी "मार्सोले!" अशी हाक द्यायची, त्याने वाकायचं, आणि मगच लोक गुत्त्याकडे वळायचे.

मी ब्लेझ. ऑर्गनच्या कडेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, त्याला हवा पुरवणारे भाते तुडवतो. माझे पाय थांबले की मार्सोलेंची बोटं मुकी. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून नाताळला हंसाची एक तंगडी न चुकता माझ्या घरी यायची.

अगाथ त्यांची एकुलती मुलगी. उंच, किडकिडीत, आणि इतकी भित्री की रस्त्यात जिवंत हंस दिसला तरी गल्ली बदलायची. अशा पोरीच्या नशिबी ते वर्ष यावं, ही देवाची थट्टाच म्हणायची. हिवाळ्याच्या तोंडाशी म्हाताऱ्या मार्सोलेंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. राहतं घर चर्चचं, ऑर्गन वाजवणाऱ्याला मिळालेलं. नव्या फादरचा पुतण्या लांबेर शहरात ऑर्गन शिकून आलेला आणि जागेवर टपलेला. हात गेल्याचं कळलं तर घर जाणार, आणि म्हातारा गरिबांच्या इस्पितळात. तिथे गेलेला माणूस आमच्या गावाने परत आलेला पाहिला नव्हता.

मग मी म्हाताऱ्याला पाठुंगळीला मारून गोल जिना चढायचो. लोक जमले की तो कठड्याशी उभा राहून तोंड दाखवायचा. सज्ज्याचा पडदा ओढला की बाकावर लेकीशेजारी बसायचा, आणि वाजवायची अगाथ.

"ब्लेझकाका, मला चुकायला शिकायचंय," ती एकदा म्हणाली.

"हे काय नवीन?"

"बाबा प्रत्येक कडव्याचा शेवट ताणतात. मी नाही ताणला तर लोकांना कळेल."

आणि ती चुका घोटू लागली, लोक प्रार्थना घोटतात तशा. बाजारात खाटीक म्हणायचा, "काय गं अगाथ, बाबा थकले हो! आज शेवट असा लांबवला की मला डुलकीच लागली." पोरगी पांढरीफटक व्हायची. घरी येऊन मात्र त्याच वाक्यावर पोटभर जेवायची.

लेंटच्या उपासाच्या दिवसांत एकदा, मिस्सा चालू असताना, जिन्याच्या दारावर टकटक झाली. लांबेर.

"मार्सोलेसाहेब, जरा जवळून ऐकू का?"

माझी पाचावर धारण बसली. पाय थांबवता येईनात, म्हणून भाते तुडवतच ओरडलो, "नको साहेब! दार उघडलं की भात्यांना वारा लागतो, सर्दी होते त्यांना!" इतकं वेडगळ मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो हसला, पण गेला नाही. दाराला कान लावून तो उभा असल्याचं मला फटीतून दिसत होतं. अगाथचा घाम पट्ट्यांवर टपटपत होता, तरी तिने प्रत्येक शेवट ताणला.

सणाचा दिवस आला. चर्च तुडुंब. खाली गायकांचं एक कडवं, वर तिचं एक, असं चाललं होतं. मध्येच म्हाताऱ्याचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. मला वाटलं, झोप. तिने एका हाताने त्याची मान चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते. खाली गायक थांबले, तिची पाळी आली. मृत बापाचं डोकं खांद्यावर, आणि ती वाजवू लागली.

पण चुकायचं विसरली. एकही शेवट ताणला नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा तिच्यासारखी वाजवत होती, आणि मी भाते तुडवत रडत होतो. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर लोक वेदीकडे पाठ करून वर बघत होते. फादरसुद्धा.

मिस्सा संपली. खालून हाक आली, "मार्सोले!" आजवर इतकी मोठी आली नव्हती.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"हाक आलीय, काका." तिने बापाचं डोकं हळूच बाकाला टेकवलं, हात झग्याला पुसले आणि ती कठड्याशी गेली.

ती वाकली. इतके महिने कोण वाजवत होतं ते खाली साऱ्यांना उमगलं. गुत्त्याकडे कुणी वळलं नाही. खाटीकही नाही.

घर गेलं. गाडीवानाच्या माळ्यावर राहून ती व्यापाऱ्यांच्या पोरींना सूर शिकवू लागली. ऑर्गनवर लांबेर बसला.

पुढल्या सणाला माझा पाय मोडलेला, भाते दुसरा तुडवत होता. मी आणि ती मागे, तीर्थाच्या कुंडाशी उभे होतो. लांबेरने बरं वाजवलं, खोटं कशाला बोलू. मिस्सा संपली, तो कठड्याशी आला, आणि सवयीने साऱ्या गावाने हाक दिली, "मार्सोले!"

तिची बोटं माझ्या दंडात रुतली.

"आता कसली भीती, पोरी?" मी म्हटलं. "आता कुणी पकडणार नाही."

"तेच तर, काका," ती म्हणाली. "हाक माझ्या नावाची, आणि आता मला कुणी शोधतही नाही."

वर लांबेर वाकला. माझ्या शेजारी तीही वाकली.