कल्याणप्पाची शुद्ध मराठी

हैदराबाद राज्य मोडलं, उमरगा मुंबई राज्यात आलं आणि कचेरीतला कारकून कल्याणप्पा रातोरात मराठी झाला. जन्म कन्नड घरातला, आई शांताक्काला कन्नडशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पण हा पठ्ठ्या शेजाऱ्यांच्या कन्नडला नाक मुरडायचा. तोंडापुढं तळहात धरून ख, घ, भ घोकायचा. हाताला वाफ लागली की स्वारी खूश. जरा घाई झाली, राग आला, की घराचं गर व्हायचं आणि भाऊचा बाऊ. साऱ्या गावाला ते ऐकू यायचं, एक त्याला सोडून.

तुळजापूरच्या बाबूराव मास्तरांची मुलगी शामला त्याला सांगून आली. शिकलेलं लिंगायत घर. ही सोयरीक जुळावी म्हणून तो जीव टाकत होता. मास्तर बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, घेऊन घर बघायला येणार म्हणताच त्याच्या अकलेनं शेण खाल्लं. त्यानं आईला बजावलं, पाहुण्यांपुढं तोंड उघडायचं नाही, तू मुकी आहेस असं सांगणार आहे. म्हातारीनं निमूट मान हलवली.

पाहुणे बसले. "आमच्या गरात सगळं शुद्द मराठी. आई तेवडी मुकी हाय," कल्याणप्पानं सांगून टाकलं. मास्तर मिशीत हसले.

शांताक्का चहा घेऊन आली. लुगडं पायात अडकलं आणि उकळता चहा तिच्या मनगटावर सांडला. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ओठ गच्च दाबून धरले. आणि हा निलाजरा आधी सतरंजी पुसायला धावला!

चंद्रप्रभाबाई चटकन उठल्या. मुक्या माणसाच्या तोंडूनही असल्या वेळी आवाज निघतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हातारीचा हात धरून त्यांनी चक्क कन्नडमध्ये विचारलं, फार आग होते का आई? शांताक्कानं आधी मुलाकडं पाहिलं.

बाईंना तेवढं पुरलं. "कन्नड तर आमच्या बी घरात चालतं," त्या कल्याणप्पाला म्हणाल्या. "तुमची बोली तुमी तोंड उघडताच कळली. त्याचं काय न्हाय. पण भाजल्यावर ओरडायला जिथं पोराची परवानगी लागती, तिथं आमी शामलाला देत न्हाय."

पाहुणे चपला घालू लागले तशी कल्याणप्पाची गाळण उडाली. आईचा दंड हलवत तो कन्नडमध्ये विनवू लागला, बोल, काहीतरी बोल, थांबव त्यांना. शांताक्का मनगटावर फुंकर घालत बसली. या खेपेला ती आपल्या मनानं मुकी राहिली.