मामांनी ओढलेला धागा

मंडळी, आज लई ओशाळलो.

धाराशिवच्या नव्या फ्लॅटसाठी पर्यावरणपूरक म्हणून ऑनलाइन महागडा लोकरी गालिचा मागवला. आज भूमहून माझे मेंढपाळ मामा आले. त्यांना मिरवत म्हणालो, "बघा, अस्सल लोकर!"

मामांनी गालिचा चाचपला, एक धागा ओढला आणि काडीनं पेटवला. लोकर असती तर जळक्या केसांचा वास आला असता. धागा वितळून त्याची प्लॅस्टिकची गोळी झाली.

माझं तोंड उतरलेलं बघून मामाच समजूत घालू लागले, "जाऊ दे लेका, दिसायला झ्याक हाय."

"मामा, तुमच्या लोकरीचं काय करता?"

"कातरून बांधावर टाकतो. कुणीच घेत न्हाय आता."

माझ्या लग्नात त्यांनी स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी दिली होती. ती माझ्या माळ्यावर पडून आहे.

तुमच्या माळ्यावर काय आहे?