अमोदिंगचा सांधा

सोरोटीच्या बाजारात फोनच्या फुटक्या काचा बदलता बदलता अमोदिंग प्रोग्रॅम लिहायला शिकली. पदवी नाही, काही नाही. बोडावाल्यांकरवी गावोगावच्या दवाखान्यांत रक्त पोचवायची तिची कल्पना ऐकून कॉम्प्युटरवाले साहेब म्हणाले होते, "बोडावाल्यांच्या हातात रक्ताची पिशवी? अजोन दारूच्या मडक्याभोवती पीत बसतील!" आम्ही बोडावाल्यांनी, म्हणजे मोटारसायकलवर भाडी मारणाऱ्यांनी, त्यांच्या दारात मोटारसायकली लावून हॉर्न बडवले. अमोदिंगने हॉर्न नाही बडवला. तिने मिडलवेअर बांधलं.

दवाखान्याची मागणी एका कंपनीच्या क्लाउडवर यायची, नकाशा दुसरीचा, फोन तिसरीचा. एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. अमोदिंगचं मिडलवेअर म्हणजे या सगळ्यांमधला सांधा. एखादी कंपनी बंद पडली, तर तो आपणहून तेच काम करणारी दुसरी शोधून जोडून घ्यायचा. "माझा सांधा निखळत नाही," ती ऐटीत सांगायची. आम्हालाही ती ऐट आवडायची.

त्या दुपारी फोनची कंपनी बंद पडली. सांध्याने क्षणात दुसरी जोडली. अमोदिंगने टाळी वाजवली. तेवढ्यात कटाक्वीकडच्या दवाखान्यातून मागणी आली: बाळंतीण, रक्त थांबत नाही.

ओकिरोरला निरोप गेला. त्याने आमच्या रीतीने मिस्ड कॉल दिला. मिस्ड कॉल म्हणजे 'निघालो'. फुकटात भागतं, तर बोलतो कोण! जुन्या कंपनीला ही रीत शिकवलेली होती. नव्या कंपनीने कळवलं, 'कॉल अयशस्वी'. सांध्याला वाटलं, ओकिरोर नाही म्हणाला. त्याने काम पुढच्या बोडावाल्याला दिलं. त्यानेही मिस्ड कॉलच दिला.

ओकिरोर रक्तपेढीच्या दारात पोचला आणि तिथल्या फोनवरून ओरडला, "ताई, पेढीवाली टोटो अकुरुत पिशवी देईना! कॉम्प्युटरचा पडदा लाल आहे म्हणते."

"देऊन टाक गं, टोटो!" अमोदिंगच्या शेजारून मी मध्येच तोंड घातलं. टोटो म्हणजे आई; अकुरुतला आम्ही सगळे तसंच म्हणतो.

"तू कोण रे सांगणारा?" पलीकडून अकुरुत कडाडली. "मागे फोनवरच्या शब्दावर पिशवी दिली, ती भलत्याच गावी गेली. तेव्हा अमोदिंगनेच मला झापलं होतं. हिरवं झाल्याशिवाय हलणार नाही!"

"बरोबर आहे तिचं," अमोदिंग म्हणाली. चेहरा राखेसारखा. बोडावाल्याचा 'हो' पोचला, की सांधाच पडदा हिरवा करायचा; हिरवं करायचं बटण तिने कुणाच्याच हातात ठेवलं नव्हतं, स्वतःच्याही.

"मग बंद कर ते यंत्र!" मी म्हणालो.

"रस्त्यावर आणखी दोन पिशव्या आहेत. बंद केलं तर त्याही हरवतील. तोंड आवर जरा."

चालत्या सांध्यातच तिने नियम घुसवायला घेतला: आमच्या बोडावाल्याच्या नंबरवरून 'अयशस्वी' आलं, तर ते 'हो' समज. एक चूक, की तिन्ही पिशव्या गेल्या. बोटं थांबत नव्हती.

"परत मिस्ड कॉल दे, ओकिरोर!"

"दिला!"

लाल. तिने एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली.

"परत दे!"

"अगं ताई, बोट झिजलं—"

"हिरवं!" मागून अकुरुतची किंकाळी आली. "हिरवं झालं! पळ रे गाढवा!"

नकाशावर ओकिरोरचा ठिपका दलदल ओलांडून दवाखान्यात पोचला आणि थांबला. आता वाट तिथल्या सिस्टर आसिओच्या फोनची. तिचीही रीत ठरलेली: बाई सावरली तर मिस्ड कॉल. नाही सावरली तर फोन वाजतच राहणार, कारण ते तोंडाने सांगावं लागतं.

ताटातल्या भुईमुगाच्या रश्शाने गार होऊन साय धरली.

फोन वाजला. माझा हात पुढे गेला, तर अमोदिंगने फाडकन फटका मारला. "हात लावू नकोस!"

पुन्हा वाजला. पुन्हा. तिने डोळे मिटले.

कट. मिस्ड कॉल!

"ही आसिओ," अमोदिंग डोळे पुसत म्हणाली, "कट करायला इतका वेळ लावते, एक दिवस माझाच जीव घेणार आहे!"