स्पीकरच्या पोटातले गहू

माझ्या थोरल्या भावजयीला मी माफ केलेलं नाही. शेवटी करीन, असं वाचणाऱ्याला वाटत असेल तर त्यानं आत्ताच पान उलटावं.

नोकरीची सगळी वर्षं मी नर्स होते. आधी सेनगाव तालुक्यात साखऱ्याकडं, मग सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या खेड्यांत. जिथं पाठवलं तिथं गेले. निवृत्त झाल्यावर हट्ट्याला भावाच्या घरी आले. घर वडिलांचं आहे, माझाही त्यात वाटा आहे, तरी ‘आले’ असंच म्हणावं लागतं, कारण वैनी तसंच म्हणते. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. लेकरू नाही. पुढची एक खोली मला मिळाली, आणि त्या खोलीत मी नांदेडहून आणलेले दोन कमरेएवढे स्पीकर आणि एक अॅम्प्लिफायर मांडला. भाऊ म्हणाला, एवढ्यात सोन्याच्या पाटल्या झाल्या असत्या. वैनी म्हणाली, एवढाल्या कोठ्या आणल्या, यात जवारी तरी ठेवता आली असती. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं आणि वायरी जोडल्या.

सारंगी मी आधीही ऐकली होती. क्वार्टरमध्ये ट्रान्झिस्टर होता, रात्रपाळीला बाळंतिणीची वाट बघताना त्यातून काहीबाही ऐकू यायचं. पण ते डासासारखं, कानाशी गुणगुणणारं. इथं पहिल्या संध्याकाळी मोबाइलवरून सारंगी लावली, आणि गज तारेवर टेकायच्या आधीचा वाजवणाऱ्याचा श्वास मला ऐकू आला. मग सूर आला. दोन्ही खोकी बाजूला गप्प उभी होती आणि सूर मधल्या रिकाम्या जागेतून येत होता, समोर हातभरावर कुणी मांडी घालून बसलंय अशा ठिकाणाहून. खालून तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, तो तर बरगड्यांना लागत होता. मानेवर काटा आला तो कोपरापर्यंत उतरला. आणि मी रडायला लागले. कशाचं दुःख आठवलं म्हणाल तर कशाचंच नाही. इतकं बरं मला कधी वाटलंच नव्हतं, बस.

वैनी दिवा लावायला निघाली होती. दारात थांबली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “दिवेलागणीला घरात रडत न्हाईत. लक्ष्मी माघारी जाती.”

नवरा गेला तेव्हा मी रडले नाही म्हणून याच बाईनं गावभर नावं ठेवली होती. आता रडते म्हणून ठेवायला लागली. बाईमाणसानं रडायचं तरी कधी, हे एकदा कागदावर लिहून द्या म्हणावं.

तेव्हापासून आमचं जुंपलं ते जुंपलंच. सूर बराबर मधोमध यायचा असेल तर खुर्ची एका ठरावीक जागीच लागते, हातभरही इकडं तिकडं चालत नाही. म्हणून मी फरशीवर चार पायांच्या चार खुणा खडूनं केल्या. वैनी रोज सकाळी त्या ओल्या फडक्यानं पुसायची. मी रोज संध्याकाळी नव्या करायची. मग तिनं त्याच वेळेला मिक्सर काढायला सुरुवात केली. दिवसभर घरात चटणी नको असायची, पण मी खुर्चीत टेकले की हिला शेंगदाणे दळायची घाई. गल्लीतल्या बायकांना सांगायची, सिस्टरबाई पेटीपुढं बसून रडते, काहून रडते तिलाच ठाऊक. भाऊ पेपर तोंडापुढं धरायचा. त्याला दोन्हीकडून तकलीफ नको होती.

चालू दे म्हटलं. दिवसाचा तो एक तास माझा होता. बाकीचे तेवीस मी त्या घराला देऊन टाकले होते. दळण, पोथीला जाणाऱ्या बायकांचं ब्लडप्रेशर, गल्लीतल्या सगळ्यांची इंजेक्शनं. पण तो तास गेला असता तर माझ्याकडं जगायला काही उरलं नसतं. हे मी वाढवून सांगत नाही.

आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याच्या उभ्या कोठीत धान्य भरायचं, वर मुखवटा बसवायचा, भोवती साडी नेसवायची. तीन दिवस त्या घरात राहतात. मी विधवा, म्हणून त्यांना बसवायला माझा हात चालत नाही. भाज्या चिरायला चालतो. नैवेद्याच्या सोळा भाज्या दरसाल मीच चिरते. बसवायच्या दिवशी मी शक्यतो घरी थांबत नाही. त्या वर्षीही हिंगोलीला एका मैत्रिणीकडं गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

माझ्या खोलीत दोन्ही स्पीकर नव्हते. वायरी उपसून कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या घरात आले तर मखराखाली महालक्ष्म्या उभ्या, एकीला हिरवी पैठणी, एकीला लाल. लाल पैठणीच्या निऱ्यांखालून माझ्या स्पीकरचा काळा पाय दिसत होता.

कोठ्यांचे तळ म्हणे गंजून गळाले होते. ऐन वेळी नव्या कुठून आणायच्या? तर सिस्टरच्या खोलीत दोन उभ्या कोठ्या आहेतच की. उंचीही नेमकी तेवढीच. काढा म्हणाले मी. वैनी म्हणाली, एकदा बसवल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत हलवता येत न्हाईत. तेही खरंच. आणि हलवायच्या म्हटलं तरी मी हात कसा लावणार? माझा हात विटाळाचा, माझी खोकी तेवढी सोवळी. हा कुठला न्याय, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

तीन दिवस मी खोलीतून त्यांच्याकडं बघत होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत होत्या, यंदा लक्ष्म्या कशा ताठ उभ्या आहेत, जरा म्हणून कलत न्हाईत. वैनीचा चेहरा नुसता फुलला होता. मी आत बसून सोळा भाज्या चिरल्या. बोलले असते तर सणाच्या घरात काहीतरी अभद्र तोंडातून गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून त्यांना निरोप दिला आणि स्पीकर परत आले. वरच्या लाकडावर हळदीची बोटं. पुसून घेतले, वायरी जोडल्या, खुणा केल्या, खुर्ची ठेवली. सारंगी लावली. श्वास आला, सूर आला, आणि डग्ग्यावर पहिली थाप पडली तशी दोन्ही खोक्यांच्या पोटातून खळखळ आवाज आला. दुसरी थाप, पुन्हा खळखळ. मी आवाज कमी केला, तरी तेच. सारंगी चालू होती पण तिच्यात कुणीतरी सूप पाखडत बसल्यासारखं वाटत होतं. अंगावर काटा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. आता मला भीती वाटायला लागली. हे गेलं ते कायमचं गेलं तर? या वयात पुन्हा कुठून आणायचं?

वैनीला विचारलं, आत काय टाकलंस. तिनं लपवलंही नाही. स्पीकरला मागून खाली एक गोल भोक असतं, घुमाऱ्याची हवा बाहेर यायला. त्या भोकातून तिनं एकेकीत पाच पाच ओंजळी गहू ओतले होते. काढायचे म्हणून खोकी आडवी करून हलवली, पण आत कापूस, निम्मे गहू त्यातच अडकले. रिकाम्या पोटी लक्ष्मी बसवत न्हाईत, म्हणाली. आणि भोक दुसरं कशाला ठेवलंय मग? मी तिला ‘अडाणी’ म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते लिहीत नाही. ती म्हणाली, तू शिकून काय केलंस ते दिसतंयच की, पेटीपुढं रडून राहिलीस.

नोकरीत मी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून कितीतरी पोटं उघडलेली बघितली आहेत. संध्याकाळी खुर्ची बाहेर काढली, स्पीकर आडवा घातला, पुढच्या मोठ्या गोल पडद्याचे, वूफरचे, आठ स्क्रू सोडवून तो बाहेर काढला आणि गहू फरशीवर ओतले. कापसात अडकलेला दाणान् दाणा बोटांनी काढला. मग दुसरा. खोलीभर गहू झाले. वैनी दारात आली आणि किंचाळायचीच बाकी होती. लक्ष्मीच्या पोटचं धान्य, पायाखाली तुडवायचं? पदर खोचून खाली बसली आणि एक एक दाणा वेचून ओंजळीत घ्यायला लागली. तिला जा म्हणायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी स्क्रू आवळले, दोन्ही स्पीकर जागेवर उभे केले आणि खळखळ गेली का ते बघायला सारंगी लावली.

श्वास आला. सूर आला. डग्गा घुमला, स्वच्छ. माझ्या मानेवर काटा आला आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. आलं, परत आलं. तेवढ्यात खाली नजर गेली.

वैनी बराबर माझ्या खडूच्या चार खुणांच्या मधोमध बसली होती. तिचा हात थांबला होता. बांगड्यांच्या वर, कोपरापर्यंत, तिच्या हातावर काटा उभा होता. ती त्या दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होती, तिथं कुणी बसलंय असं. आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलेलं तिला कळलंही नव्हतं. बाहेर दिवे लागत होते.

ते वाक्य मी पहिल्या संध्याकाळपासून जपून ठेवलं होतं.

“वैनी,” मी म्हणाले, “दिवेलागणीला घरात रडत न्हाईत.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही, डोळेही पुसले नाहीत. फरशी एव्हाना साफ झाली होती, शेवटचे दोनचार दाणेच राहिले असतील. आता उठून दिवा लावायला जायची वेळ होती. वैनीनं आपली भरलेली ओंजळ हळूच उघडली, सगळे गहू पुन्हा फरशीवर पसरले, आणि पहिल्यापासून एक एक दाणा वेचायला लागली.