गुल्हानेबाबू मशीन घेतात

श्रीधर गुल्हाने भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं बाबू होते. निवृत्त झाल्यावर ते आंजीला, गावच्या घरी राहायला आले आणि साठाव्या वर्षी बायकोचे ब्लाउज शिवायला लागले. त्यांना स्वतःला यात विशेष काही वाटलं नाही. आधी ते दुसऱ्यांच्या शेतांची मापं लिहीत होते, आता सुमतीबाईंच्या हाताची लिहीत होते.

झालं असं की सुमतीबाईंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, आता बऱ्या आहात. पण काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजला आणि सुजलेलाच राहिला. या हाताला घट्ट काही नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. जुने सगळे ब्लाउज बाद झाले.

गावातल्या टेलरकडे गेल्या, तर तो म्हणाला, "मॅडम, दोनी बाह्या एकाच मापाच्या कापतो मी. एक बाही मोठी अन् एक लहान, असं माह्या हातून व्हाचं नाई." त्याने मोठ्या हाताच्या मापाने दोन्ही बाह्या शिवल्या. डावी बाही पिशवीसारखी लटकायला लागली.

सुमतीबाई जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत चौथीला शिकवत आणि नोकरीची दोन वर्षं बाकी होती. घरी त्या नवऱ्याचे ऑफिसचे जुने शर्ट घालून निभावून न्यायच्या. शाळेत साडीवर शाल पांघरून जायच्या. मार्चमध्येही शाल, एप्रिलमध्येही शाल. वर्ध्याचा एप्रिल. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमाले थंडी वाजते काय?" सुमतीबाई हो म्हणाल्या आणि भागाकार शिकवायला लागल्या.

हे त्यांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. गुल्हानेबाबूंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून त्यांनी आईची हातमशीन खाली काढली, काळी, जड, उजव्या हाताने चाक फिरवायची. तिला तेल दिलं. सुमतीबाईंचा एक जुना ब्लाउज उसवून त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले आणि पेन्सिलीने आखून घेतले. एकतीस वर्षं नकाशे पाहिलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. अवघड होतं ते शिवणं. पहिला ब्लाउज त्यांनी उलटा शिवला. दुसऱ्याला डोकं जाईना. तिसऱ्यात मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तो गोल, इतका चुकला की बाही मागे पाहत होती.

"अजी, मले एकच ब्लाउज पाह्यजे," सुमतीबाई म्हणाल्या. "तुमी आतापर्यंत माह्या तीन साड्यांचं कापड संपवलं."

गुल्हानेबाबूंनी चौथा जुन्या धोतराचा शिवला.

सहावा अंगाला बसला. दुपारपर्यंत. संध्याकाळी सुमतीबाई घरी आल्या तेव्हा बाहीची कड दंडात रुतली होती. मग बाबूंनी वही केली. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला ते टेपने हात मोजायचे आणि तारीख घालून लिहायचे. पंधरा दिवसांत कळलं की सकाळी दंड साडेतेरा इंच असतो आणि संध्याकाळी पंधरा. दीड इंचाचा फरक. म्हणजे ताणणारी बाही हवी. त्यांनी बनियनचं कापड आणलं आणि बाहीच्या खालच्या बाजूला, काखेपासून कोपरापर्यंत त्याची कळी, म्हणजे लांबट जोडपट्टी, घातली. वरून पाहिलं तर साधा ब्लाउज. आत मात्र हात सुजला की कळी ताणायची, उतरला की मिटायची.

सुमतीबाईंनी तो शाळेत घातला, शाल न घेता. तिसऱ्या तासाला त्या फळ्यावर दशांश चिन्ह देत असताना बाही टर्र करून काखेपासून उसवली. कापड ताणलं गेलं, शिवण ताणली गेली नाही, दोरा तुटला. वर्गात सत्तावीस मुलं होती. सगळ्यांनी आवाज ऐकला. सुमतीबाईंनी डाव्या हाताने पदर ओढून घेतला आणि उरलेलं गणित डाव्या हाताने लिहिलं.

घरी येऊन त्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मशीन बदला जी. नवरा बदलाचं वय नाई रायलं."

गुल्हानेबाबू उसवलेली बाही खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहत बसले. जुनी मशीन फक्त सरळ टाका घालायची, आणि बनियनच्या कापडावर मध्येमध्ये टाके सोडूनही द्यायची. त्यात एक हात चाकावर, म्हणजे गोलाई फिरवायला एकच हात उरायचा. दोष मशीनचा की आपला, हे त्यांना ठरवता येईना.

पुण्याला त्यांची मुलगी यामिनी असते. तिला फोन केला. तिने तासाभरात सतरा लिंक पाठवल्या. बाबूंनी सतराच्या सतरा उघडल्या. प्रत्येक मशीनखाली काही लोकांनी लिहिलं होतं की याहून चांगली मशीन नाही आणि काहींनी लिहिलं होतं की घेऊ नका, पस्तावाल. ते संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. मग फोन बाजूला ठेवून एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: एक, ताणणारं कापड शिवता आलं पाहिजे. दोन, दोन्ही हात मोकळे. तीन, बाही नळीसारखी घालून शिवता आली पाहिजे. चार, काज आपोआप व्हावं. चौथ्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. शर्टाला काज करणारी मशीन त्यांनी एका व्हिडिओत पाहिली होती आणि तेव्हापासून ते तिच्यावरून मन काढू शकत नव्हते.

रविवारी दोघं एसटीने वर्ध्याला गेले. बाबूंनी पिशवीत उसवलेला ब्लाउज आणि बनियनच्या कापडाचे तुकडे घेतले होते.

पहिल्या दुकानातल्या माणसाने सुमतीबाईंसाठी खुर्ची पुसली. "आइये मॅडमजी. आपके लिए एकदम लेटेस्ट." मशीनला छोटा पडदा होता. त्याने कडक इस्त्रीचं सुती कापड दुहेरी करून घातलं, एक बटन दाबलं आणि मशीनने आपणहून बदकांची रांग काढली. "मॅडम, एकशे वीस डिझाइन आहेत."

"मले सुईत दोरा ओवता येत नाई," सुमतीबाई म्हणाल्या. "शिवतात ते हे."

दुकानदाराने बाबूंकडे पाहिलं आणि बदकाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. बाबू म्हणाले, "याच्यावर शिवून दाखवा," आणि बनियनचं कापड पुढे केलं. दुकानदार म्हणाला की डेमोचं कापड कंपनीने ठरवून दिलेलं आहे. दोघं बाहेर आले.

दुसऱ्या दुकानात मोटरची, कारखान्यात चालते तशी मशीन होती. तिथे स्वतःचं कापड घालायला हरकत नव्हती. बाबूंनी पायाने जरा दाबलं आणि कापड एका झटक्यात पलीकडे जाऊन खाली पडलं. शिवण सरळ होती. बाबूंनी आपली बोटं मोजली. ती दहा होती, पण मशीनला सरळच टाका येत होता, तो त्यांच्याकडे होताच.

तिसरं दुकान गल्लीत होतं आणि खरं तर दुरुस्तीचं होतं. गजेंद्र नावाचा पन्नाशीचा माणूस उघड्या मशीनमध्ये वाकून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय शिवता?"

आतापर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. बाबूंनी ब्लाउज काढून दिला. गजेंद्रने तो उलटा केला, मुंढ्यावरून अंगठा फिरवला, कळी ताणून पाहिली, उसवलेल्या जागी थांबला.

"कोन शिवलं?"

"मी."

"मुंढा चांगला बसला," गजेंद्र म्हणाला आणि पुन्हा कळीकडे पाहायला लागला. तीन महिन्यांत बाबूंच्या शिवणकामाचं कोणी केलेलं हे पहिलं कौतुक होतं. त्यांनी खिशातला कागद काढला आणि परत ठेवला.

"मशीन घ्याची घाई काऊन करता? आधी सुई बदला," गजेंद्र म्हणाला. "बनियनच्या कापडाले गोल टोकाची सुई लागते. तुमची टोकदार सुई धागा तोडून राह्यली, म्हणून टाके सुटतात." त्याने गोल टोकाची सुई लावून सरळ टाक्याची शिवण घातली. टाके सुटले नाहीत. बाबूंचा चेहरा उजळला. मग गजेंद्रने शिवण दोन्ही हातांनी ताणली. तट्कन तुटली.

"हं. मंग झिगझॅगच पाह्यजे तुमाले. नागमोडी टाका ताणते, सरळ टाका ताणत नाई."

त्याच्याकडे अशा दोन मशीन होत्या. एक नवी, पांढरी, हलकी, एकवीस प्रकारचे टाके आणि आपोआप काज. दुसरी वापरलेली, आतून लोखंडी, हिरवट रंगाची, तीनच प्रकारचे टाके, काज हाताने चार वेळा फिरवून करायचं. दोन्ही विजेच्या, पायाखालचं पेडल दाबून चालवायच्या, दोन्हींवर बाही नळीसारखी घालता यायची. गजेंद्रने दोन्हींवर बनियनच्या कापडाची एकेक नळी शिवली.

सुमतीबाईंनी पहिली नळी उजव्या हातात दंडापर्यंत चढवली, उठून उभ्या राहिल्या आणि हात वर करून दुकानाच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, बोटाने लिहायला लागल्या. तीन पूर्णांक पंचाहत्तर शतांश. मग दुसरी नळी घालून पुन्हा तेच. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला आणि थोडा वेळ पाहून गेला. दोन्ही शिवणी टिकल्या.

"आता दोनी चालवून दाखवा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. पांढरी कडकड वाजत होती. हिरवीचा आवाज जाड आणि एकसारखा होता.

"हे हिरवी घ्या."

"पण त्या पांढरीत काज आपोआप होते," बाबू म्हणाले.

"ब्लाउजले हूक असते."

"पुढं मागं शर्ट शिवला तर?"

"कोनाचा?"

"माहा."

"तुमचे अकरा शर्ट हायेत अन् ते मी घालून राह्यली. शाळेतून आल्यावर मी अर्धा तास झोपते, तवा तुमी शिवत असता. मले हिरवीचा आवाज चालते."

बाबूंनी पांढऱ्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग कागदावरचा चौथा मुद्दा दुकानातच खोडला, पण इतक्या बारीक रेघेने की वाचता यावा.

हिरवी मशीन उचलायला दोन माणसं लागली. एसटीच्या कंडक्टरने तिचं लगेज तिकीट फाडलं आणि पूर्ण रस्ताभर ती सीटवर का ठेवली म्हणून कुरकुर केली.

घरी पहिल्या आठवड्यात तिने काही केल्या शिवलं नाही. वरून टाका ठीक दिसायचा, कापडाखाली दोऱ्याचं घरटं व्हायचं. बाबूंनी बॉबीन सात वेळा काढून घातली. शेवटी त्यांनी गजेंद्रला फोन केला.

"दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर होता का खाली?" गजेंद्रने विचारलं.

"खाली."

"वर करून ओवा. नाईतर दोरा ताणाच्या चकत्यांत बसतच नाई." आणि त्याने फोन ठेवला.

पाय वर करून दोरा ओवला आणि शिवण नीट पडली. बाबू खुर्चीतून उठले, अंगणात जाऊन आले आणि पुन्हा बसले. त्या दिवशी त्यांनी दोन बाह्या शिवल्या, एक साडेतेराची ताणून पंधरा होणारी, दुसरी बारा इंचाची साधी.

जुलैपासून सुमतीबाई शाल घरी ठेवून शाळेत जायला लागल्या. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. बाबू रोज विचारायचे, "कोनी काई म्हटलं?" त्या नाही म्हणायच्या. हेच हवं होतं, हे बाबूंना कळत होतं, तरी आठवडाभर त्यांना जरा उदास वाटलं.

ऑगस्टमध्ये तपासणीसाठी दवाखान्यात गेले तेव्हा रांगेत शेजारी वडनेरच्या मनकर्णाबाई बसल्या होत्या. शेतकरी घरातली, साठीतली बाई, डावा हात सुजलेला, अंगात मुलाचा सैल सदरा. त्यांनी सुमतीबाईंचा एक हात पाहिला, मग दुसरा पाहिला, मग न विचारता काखेतली कळी चिमटीत धरून ताणली.

"हे कोन शिवून देल्लं बाई?"

सुमतीबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. मनकर्णाबाईंनी बाबूंना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"मानूस बायांचं माप घेते?"

"तुमचं माप मी घेईन," सुमतीबाई म्हणाल्या. "हे नुसते लिहितील. सकाळी एकदा अन् संध्याकाळी एकदा घ्या लागते पण."

वडनेर काही जवळ नाही, हिंगणघाटवरून दोन एसटी बदलाव्या लागतात. पुढच्या रविवारी मनकर्णाबाई पहिल्या गाडीने आल्या, माप दिलं आणि संध्याकाळच्या मापासाठी दिवसभर थांबल्या. जेवल्या. रिकामं बसवेना म्हणून अंगणातलं गवत उपटायला लागल्या, तेव्हा सुमतीबाईंनी चौथीच्या वर्गाचा आवाज काढून त्यांना ओसरीवर आणून बसवलं. मग त्या मशीनजवळ बसून बाबू काय करतात ते पाहत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "हळू चालवा जी. कोठी जाचं नाई आपल्याले."

पंधरा दिवसांनी त्या ब्लाउज न्यायला आल्या. आतल्या खोलीत जाऊन घातला, बाहेर येऊन डावा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं.

"हात बरा बसला," त्या म्हणाल्या. "पन गळा खोल केला तुमी. असा घालून मी वावरात जाऊ काय?"

"मागचा का पुढचा?" बाबूंनी विचारलं.

"दोनी."

गुल्हानेबाबूंनी ब्लाउज परत घेतला, चष्मा लावला आणि गळ्याची शिवण उसवायला बसले.