खोडनानांकडची प्रत

नाना मजकूर शेवटाकडून वाचत. आधी शेवटचा शब्द, मग त्याच्या अलीकडचा, असे करत मथळ्यापर्यंत. कारण विचारले तर म्हणत, "अर्थ लागला की डोळा फसतो." नाशिकच्या ज्या दैनिकात मी उमेदवारी केली, तिथे ते मुद्रितशोधक होते. समोर सगळे त्यांना नाना म्हणत, पाठीमागे खोडनाना. हातात लग्नपत्रिका पडली तरी आधी वार आणि तारीख जुळतात का ते पाहत. वधूचे नाव नंतर.

त्यांचा संशय मजकुरावर असे, पण माणसे दुखावत. "नाना, मी स्वतः तिथे उभा होतो हो," असे एक वार्ताहर चिडून म्हणाला. "म्हणूनच विचारतोय," नाना म्हणाले. "तिथे असणाऱ्याला आपल्याला सगळं दिसलं असं वाटतं."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची नजर गेली. अक्षरे दिसेनाशी झाली. तोवर मीही नोकरी सोडून जिल्ह्यातल्या बाजारांच्या बातम्यांचा रोजचा पॉडकास्ट सुरू केला होता. नानांना वेळ घालवायला बरा, म्हणून सातपूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून वैशाली फोन घेऊन शेजारी बसली.

"सबस्क्राइब म्हणजे वर्गणीच ना?" नाना म्हणाले. "किती?"

"फुकट आहे."

"फुकट वर्गणी? मग तुला यात काय मिळतं?"

मी समजावले. कार्यक्रम रेकॉर्ड करून इंटरनेटवर एका जागी ठेवायचा. तिथे भागांची यादी असते. ॲपमध्ये कार्यक्रमाचे नाव शोधून सबस्क्राइबचे बटण दाबले, की ॲप ती यादी अधूनमधून स्वतःच पाहते. आपोआप डाउनलोडची सोय चालू ठेवली तर नवा भाग फोनमध्ये येऊन पडतो.

"म्हणजे माझं नाव तुझ्याकडे येणार."

"नाही नाना. किती जणांनी घेतला तेवढा आकडा येतो. नावं येत नाहीत."

"वैशाली, ऐकलंस? याला स्वतःचे वर्गणीदार माहीत नाहीत. यात काहीतरी गोम आहे." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि चूक झाली तर?"

"सोपं आहे. त्याच जागी दुरुस्त फाइल ठेवायची. कुणाला कळतही नाही."

"छापलेला अंक गिळायचा!"

"ज्याच्या फोनमध्ये आधीच गेला, त्याच्याकडे जुनाच राहतो."

नानांनी हात पुढे केला. "मग कर मला वर्गणीदार."

त्यानंतर सकाळी त्यांचे फोन येऊ लागले. एखाद्या गावाचे नाव, एखादे क्रियापद. मी ऐकून घेत असे. एका भागात मी म्हणालो, "विंचूरला आज कांदा चांगलाच उतरला." आवक भरपूर झाली, असे मला म्हणायचे होते. भाव स्थिर होता.

"उतरला म्हणजे काय?" नानांनी विचारले. "गाड्यांतून उतरला, की भाव उतरला? छापलं असतंस तर खाली भावाचा तक्ता तरी असता."

निफाडजवळ राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्याने पिकअप भरून ठेवली होती. माझे वाक्य ऐकून त्याने नानांना फोन केला होता, "भाव लय पडला म्हणं दाजी. आज नाय नेत." शेजारचे गेले आणि चांगल्या भावाने विकून आले. दुसऱ्या दिवशी भाव खरोखरच पडला.

"दुरुस्ती दे," नाना म्हणाले. "आणि त्या फाइलला हात लावू नकोस. चूक दिसली पाहिजे."

पुढच्या भागात पहिल्याच वाक्यात मी दुरुस्ती दिली. त्याच संध्याकाळी जुनी फाइल बदलली आणि माझ्याकडची मूळ प्रत पुसून टाकली. नव्या श्रोत्यांचा गैरसमज नको, असे कारण मी स्वतःला दिले. खरे कारण कार्यक्रमाचे नाव सांभाळणे हे होते. आठवड्याने नानांनी विचारले, "फाइल आहे तशीच आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले, आणि विषय संपवला. नानांनी एखादी गोष्ट न पडताळता सोडली, असे मी प्रथमच पाहत होतो.

नाना यंदा गेले. दहाव्यानंतर काही दिवसांनी वैशालीचा फोन आला.

"दादा, नानांच्या फोनमध्ये तुमचेच भाग भरलेत. अजून येतायत. पुसून टाकू?"

"टाका."

"एक सोडून, हं. विंचूरचा. तो ठेवायला सांगितला होता त्यांनी. मला आधी इंटरनेटवरचा लावायला लावला, मग फोनमधला हा. दोन्ही ऐकले आणि म्हणाले, 'हा राहू दे. त्याला कधीतरी लागेल, त्याच्याकडे नाहीये.'"

मी तो भाग मागवून घेतला. आता तो त्याच्या मूळ जागी आहे. सुरुवातीला माझ्या आवाजात एक निवेदन जोडले आहे: या भागात काय चुकले, तो मध्यंतरी कोणी बदलला, आणि कोणाशी खोटे बोलून.